पेट्रोल-डिझेलचे भाव: गावागणिक वेगळे का, आणि जुन्या-नव्या भावांची तुलना करायची कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या घरी टेम्पो होता आणि डिझेलची वही लिहायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे. तारीख, पंप, लिटर, रुपये, किलोमीटर, एवढे पाच रकाने. पुढे नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तेच पेट्रोल इथे आमच्या परभणीपेक्षा स्वस्त मिळतंय, आणि तेव्हापासून भाव जुळवत बसायची सवय लागली ती लागलीच. नात्यातले, ऑफिसातले, गावाकडचे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. जिथे भाव दिलाय तिथे तो कधीचा आहे तेही दिलंय, कारण तारखेशिवाय भाव सांगितला की नुसतं भांडण होतं.

परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग का असतं? तिथे काय वेगळा टॅक्स आहे का?

नाही. टॅक्स वेगळा नाहीये. उलट बरीच वर्षं मुंबई, ठाणे, नवी मुंबई, औरंगाबाद आणि अमरावती इथे व्हॅट (राज्याचा विक्रीकर) उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एक टक्का जास्त होता, म्हणजे परभणीला टक्का कमीच लागायचा, आणि तरीही परभणीच महाग.

कारण आहे वाहतूक. आमच्याकडे टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून. तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. टँकरचं भाडं पेट्रोलच्या किमतीत धरलं जातं आणि व्हॅट टक्केवारीत असल्यामुळे त्या भाड्यावरही व्हॅट बसतो, म्हणजे दोन रुपये भाडं वाढलं तर गिऱ्हाइकाला अडीच रुपये पडतात. एकाच राज्यात, एकच टॅक्स असताना मुंबई आणि परभणीत साधारण दोन-तीन रुपयांचा फरक राहतो तो असा.

साधं पेट्रोल आमच्याकडे मे २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यातच शंभरी पार करून गेलं. मुंबईत ते झालं २९ मे २०२१ ला, १०० रुपये १९ पैसे, आणि टीव्हीवर बातमी झाली तेव्हा कुठे लोकांना शंभरी कळली. आम्ही तोवर रोज भरत होतो.

देशात पहिली शंभरी राजस्थानातल्या श्रीगंगानगरची, १७ फेब्रुवारी २०२१. तिथलीही कथा आमच्यासारखीच, डेपोपासून लांब, वर राजस्थानचा व्हॅट तगडा.

मुंबईत तर माहुलला दोन-दोन रिफायनऱ्या आहेत, मग मुंबईत स्वस्त का नाही?

हा प्रश्न मला स्वतःला फार वर्षं पडलेला. चेंबूर-माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम दोघांच्या रिफायनऱ्या, समुद्रात बॉम्बे हायचं तेलक्षेत्र, आणि तरी चार महानगरांच्या यादीत मुंबई कायम वरच्या नंबरात.

उत्तर दोन भागात आहे. एक म्हणजे रिफायनरीतून पेट्रोल किती रुपयांना सुटणार ते रिफायनरी कुठे आहे यावर ठरत नाही, आंतरराष्ट्रीय बाजारात पेट्रोल-डिझेलचा जो भाव चालू आहे त्यावर ठरतं. शेजारी रिफायनरी असण्याचा फायदा फक्त टँकरच्या भाड्यापुरता, तोही काही पैशांचा. आणि बॉम्बे हायचं म्हणाल तर देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो.

दुसरा भाग टॅक्सचा. जकात होती तोवर महापालिका रिफायनरीत येणाऱ्या कच्च्या तेलावर जकात घ्यायची, ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. राज्याचा अधिभार मात्र राहिला. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये लावले, २०१७ च्या एप्रिलमध्ये हायवेवरची दारूची दुकानं कोर्टाच्या आदेशाने बंद झाली आणि महसूल बुडाला म्हणून पेट्रोलवर आणखी तीन. दुष्काळाला पैसे लागतात हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, पण दुष्काळ सरला तरी असा अधिभार पाटीवरून उतरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो भरण्यात आमचाच जिल्हा पुढे.

मग महाराष्ट्रात नक्की टॅक्स किती? एकदा फोड करून सांगा.

दिल्लीची फोड घेऊ कारण ती सगळ्यात स्वच्छ मांडलेली मिळते. मार्च २०२४ च्या मध्याला दिल्लीत पेट्रोल ९४.७२ होतं. त्यातले ५५.६६ म्हणजे पेट्रोलची किंमत आणि भाडं. १९.९० केंद्राची एक्साइज. ३.७७ पंपवाल्याचं कमिशन. इथपर्यंत झाले ७९.३३. यावर दिल्लीचा व्हॅट १९.४० टक्के म्हणजे १५.३९. बेरीज करून बघा, बरोब्बर ९४.७२ येते.

आता हेच ७९.३३ महाराष्ट्राच्या हिशोबात टाका. आपल्याकडे २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये. म्हणजे १९.८३ अधिक ५.१२, साधारण २४.९५. भाव गेला १०४ च्या पुढे. प्रत्यक्षात प्रत्येक शहराची मूळ किंमत थोडी वेगळी असल्याने पैशांचा फरक पडतो, पण दिल्ली आणि मुंबईमधला जो नऊएक रुपयांचा फरक दिसतो तो जवळजवळ सगळा व्हॅटचा आहे हे यातून कळतं. पंपवाल्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात तेव्हा साडेतीन-चार रुपये.

अजून एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. केंद्राच्या त्या एक्साइजमध्ये राज्यांना वाटा मिळणारा मूळ भाग अगदी छोटा आहे, पेट्रोलवर १.४० आणि डिझेलवर १.८० रुपये. बाकी सगळं सेस आणि विशेष शुल्क, ते वाटून घ्यावं लागत नाही. म्हणून केंद्र म्हणतं राज्यांनी व्हॅट कमी करा, राज्य म्हणतं तुम्ही सेस कमी करा, आणि दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं.

गोव्यात, गुजरातमध्ये, कर्नाटकात स्वस्त आहे म्हणे. टाकी तिकडे जाऊन भरावी का?

सीमेवरच राहत असाल तर हो, मुद्दाम जाणार असाल तर आधी कागद घ्या.

सिंधुदुर्गातून गोव्यात शिरलं की पेट्रोल साधारण आठ-नऊ रुपयांनी उतरतं. बांद्याच्या माणसाला पत्रादेवी म्हणजे हाकेच्या अंतरावर, तो जाणारच आणि त्याने जावंच. पण समजा तुम्ही तीस किलोमीटर लांब आहात. जाऊन येऊन साठ. गाडीचं ॲव्हरेज पंधरा धरलं तर चार लिटर जाळले, म्हणजे चारशेच्या आसपास. टाकीत भरणार ३५ लिटर, लिटरला आठ रुपये वाचले म्हणजे २८०. घरी आलात तेव्हा सव्वाशे रुपये गमावून आलात. बाइकचंही तेच, दहा लिटरला ऐंशी वाचतात आणि साठ किलोमीटरला सव्वाशेचं पेट्रोल जातं. कामासाठी तिकडे जाणारच असाल तर येताना भरून या, तो शुद्ध फायदा.

गोव्याचं हे स्वस्तपण पण कायमचं एकसारखं नव्हतं. २०१२ ला मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला, एका झटक्यात अकराएक रुपये कमी होऊन पेट्रोल ५५ च्या आत. पुढे तो हळूहळू परत वाढवत नेला. म्हणून कुणी "गोव्यात किती स्वस्त होतं" म्हणालं की मी आधी विचारते, कुठल्या वर्षी?

गुजरातची गंमत वेगळी आहे. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, त्यामुळे तिकडच्या लोकांना हे भाव पाठ असतात. पेट्रोल गुजरातमध्ये अजूनही आठ-नऊ रुपये कमी. पण डिझेलचं सांगायचं तर १ जुलै २०२४ पासून मुंबई-ठाणे-नवी मुंबईत डिझेलवरचा टॅक्स २४ वरून २१ टक्के झाला आणि मुंबईचं डिझेल नव्वदच्या जरासं खाली आलं, अहमदाबादही नव्वदच्याच आसपास. म्हणजे "गुजरातला जाऊन डिझेल भर" हा जुना सल्ला आमच्या ट्रकवाल्या मामांना मी आता देत नाही. पेट्रोलला लागू, डिझेलला नाही.

कर्नाटकाचंही तसंच. निपाणीला भरून यायची कोल्हापूरकरांची सवय जुनी, पण १५ जून २०२४ ला कर्नाटकाने विक्रीकर वाढवून दोन्हीवर तीन-तीन रुपये चढवले, एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर आणखी दोन. मधलं अंतर बरंच आटलं.

आणि तेलंगणा उलटा. हैदराबादला मार्च २०२४ मध्ये पेट्रोल १०७.४१, व्हॅटच ३५.२ टक्के. धर्माबादकडची सीमा ओलांडून लोक आपल्याकडे भरायला येतात.

देशात सगळ्यात स्वस्त कुठे?

अंदमान. पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) २०२४ मध्ये पेट्रोल ८२ रुपयांच्या आसपास, डिझेल ७८. व्हॅट फक्त एक टक्का. बाराशे-तेराशे किलोमीटर समुद्र ओलांडून गेलेलं पेट्रोल स्वस्त आणि मनमाडहून आलेलं महाग, यावरून टॅक्सचं वजन किती ते समजा.

२०१४ ला पेट्रोल किती होतं आणि आता किती, एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात सांगितलं तर ते खोटं ठरेल, म्हणून थोडं थांबा.

मे २०१४ मध्ये मुंबईत पेट्रोल साधारण ८० रुपये, दिल्लीत ७१.४१. जुलै २०२४ मध्ये मुंबईत १०३.४४, दिल्लीत ९४.७२. हे पाटीवरचे आकडे, यावर कुणाचं दुमत नाही.

पहिली बाजू मांडणारे म्हणतात तेव्हा कच्चं तेल १०६ डॉलर बॅरल होतं, २०२४ मध्ये ८० च्या आसपास, मग पेट्रोल महाग कसं? बरोबर आहे. पण आपण तेल डॉलरमध्ये घेतो आणि रुपयात विकतो. बॅरल म्हणजे १५९ लिटर. १०६ डॉलर गुणिले तेव्हाचा ५९ रुपयांचा डॉलर भागिले १५९, लिटरला साधारण ३९ रुपये. २०२४ मध्ये ८० डॉलर गुणिले ८४ भागिले १५९, साधारण ४२ रुपये. डॉलरमध्ये कच्चं तेल चौथाईने उतरलं आणि रुपयात तीन रुपयांनी चढलं. मला हे पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर दिसलं तेव्हा मी तीनदा करून पाहिलं.

दुसरी बाजू म्हणते टॅक्स वाढला. तेही बरोबर. २०१४ मध्ये पेट्रोलवर एक्साइज होती ९.४८ आणि डिझेलवर ३.५६. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल तीस डॉलरच्या खाली घसरलं आणि तेवढ्याच काळात एक्साइज नऊ वेळा वाढली. म्हणजे जे स्वस्त व्हायला हवं होतं त्यातलं बरंचसं वाटेतच थांबलं. मे २०२० मध्ये ती शिगेला गेली, पेट्रोलवर ३२.९८ आणि डिझेलवर ३१.८३. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ अशा दोन वेळा कापून १९.९० आणि १५.८० वर आणली, एप्रिल २०२५ मध्ये परत दोन-दोन रुपये चढवले पण तेव्हा पंपावरचा भाव हलला नाही.

तिसरी बाजू महागाईची, आणि ही दोन्हीकडच्या लोकांना आवडत नाही. दहा वर्षांत वस्तू सरासरी दीडपटीहून जास्त महागल्या. ८० चे दीडपट १२०. म्हणजे बाकीच्या महागाईच्या मानाने पेट्रोल कमी वाढलं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०१४-१५ ला दिवसाला १६८ रुपये होती, २०२४-२५ ला २९७. मुंबईच्या भावाने तेव्हा एका दिवसाच्या मजुरीत दोन लिटर आणि थोडंसं, २०२४-२५ ला पावणेतीन-तीनच्या मधे. पण हे वाचून खुश व्हायचं कारण नाही, सबंध दिवस उन्हात खणून तीन लिटरही पेट्रोल येत नव्हतं हाच त्यातला खरा आकडा आहे.

आणि डिझेल? सगळे पेट्रोलचंच बोलतात.

धन्यवाद विचारल्याबद्दल, कारण आमचं घर डिझेलवर चाललं.

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३.१८ आणि डिझेल ४०.९१. बत्तीस रुपयांचं अंतर! डिझेलचा भाव तेव्हा सरकार धरून ठेवायचं. पेट्रोल जून २०१० लाच मोकळं केलेलं, डिझेल नाही. मग सप्टेंबर २०१२ ला एकदम पाच रुपये वाढ, जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला साधारण पन्नास पैसे. माझ्या वहीत त्या काळातलं प्रत्येक पान मागच्या पानापेक्षा थोडं महाग आहे, एवढं हळू की बाबांना जाणवायचं नाही आणि वर्षअखेरीस बेरीज केली की जाणवायचं. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलही बाजारभावावर गेलं.

२४ जून २०२० ला दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या पुढे गेलं, ७९.८८ आणि ७९.७६. असं आधी कधीच झालं नव्हतं. मुंबईत डिझेलची शंभरी ९ ऑक्टोबर २०२१ ची.

दिल्लीचंच धरून मे २०१४ ते मार्च २०२४ बघा. पेट्रोल ७१.४१ वरून ९४.७२, म्हणजे एक तृतीयांश वाढ. डिझेल ५६.७१ वरून ८७.६२, म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ. कारवाल्याला जेवढं लागलं त्याहून जास्त ट्रॅक्टरवाल्याला, टेम्पोवाल्याला, एसटीला लागलं, आणि भाजीच्या भाड्यातून ते परत सगळ्यांच्याच ताटात आलं. तुलना करायची तर डिझेलची आधी करा असं मी म्हणते ते यासाठी.

२०२० मध्ये कच्चं तेल शून्याच्या खाली गेलेलं ना, मग आपल्याला फुकट का नाही मिळालं?

२० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाचा पुढच्या महिन्याचा सौदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला हे खरं. पण तो एका ठिकाणचा, एका दिवसाचा, साठवायला टाक्या उरल्या नाहीत म्हणून झालेला प्रकार. आपण घेतो ते मुख्यतः वेगळं तेल आणि ते उणे नव्हतं, स्वस्त मात्र खूप झालेलं. ती स्वस्ताई आपल्यापर्यंत आली नाही कारण मार्चमध्ये तीन आणि मे मध्ये पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये एक्साइज वाढली. लॉकडाऊनमध्ये सरकारचं उत्पन्न आटलेलं हे मान्य, तरी ज्यांच्या गाड्या औषधं आणि भाजी घेऊन फिरत होत्या त्यांना ते दिवस सोपे गेले असते.

भाव रोज सकाळी सहाला बदलतात म्हणे. मग महिनोन्महिने तोच कसा?

नियम १६ जून २०१७ पासूनचा, त्याआधी पंधरवड्याला बदलायचे. रोज बदलायची मुभा आहे, सक्ती नाही. नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२, उत्तर प्रदेशसह पाच राज्यांच्या निवडणुका होऊन जाईपर्यंत, १३७ दिवस भाव जागचा हलला नाही, मग सोळा दिवसांत दहा रुपये चढला. ६ एप्रिल २०२२ ला मुंबईत पेट्रोल १२०.५१.

त्यानंतरची उतरंड बघण्यासारखी आहे. मे २०२२ मध्ये एक्साइज कापली, १११.३५. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवर पाच रुपये कमी केले, १०६.३१. मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या आधी तेल कंपन्यांनी दोन रुपये कमी केले, १०४.२१. जुलै २०२४ ला परत राज्याचा टॅक्स, १०३.४४. चार पायऱ्या, त्यातल्या तीन टॅक्सच्या. या दोन वर्षांत कच्चं तेल कितीतरी वेळा वरखाली झालं, पंपावर त्याची खबर नाही. मधे तेल महागलं तेव्हा कंपन्यांनी तोटा सोसला, स्वस्त झालं तेव्हा तो भरून काढला. भाव न हलणं सोयीचं असतं हे मी नाकारत नाही, टेम्पोचं भाडं ठरवायला बरं पडतं, पण मग त्याला बाजारभाव म्हणू नये.

आजोबा म्हणायचे त्यांच्या काळी पेट्रोल एक-दोन रुपये लिटर होतं.

असेल. पण मग आजोबांचा पगारही विचारा, सोन्याचाही भाव विचारा.

जुन्या काळाची एक तारीख मात्र लक्षात ठेवा, ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध झालं, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि तीन डॉलरच्या आसपासचं बॅरल काही महिन्यांत जवळपास बारावर गेलं. आधीचे भाव आणि नंतरचे भाव हे दोन वेगळ्या जगातले आहेत. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या तेलविहीर खणणाऱ्या जहाजाला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं तेव्हा देशभर एवढा आनंद का झाला ते यावरून कळतं. १९७६ मध्ये बर्मा-शेल या परदेशी तेल कंपनीचं सरकारीकरण होऊन पुढे भारत पेट्रोलियम झाली. तेव्हापासून जून २०१० ला पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ ला डिझेल मोकळं होईपर्यंत भाव बहुतेक काळ सरकारच ठरवायचं, त्यामुळे त्या वर्षांचा आलेख पायऱ्यांचा दिसतो, आताचा लाटांचा. दोन्ही एकाच रेघेवर काढले तरी वाचताना वेगळे वाचावे लागतात.

जीएसटीत आणलं तर स्वस्त होईल का?

होऊ शकेल, पण येणार कसं हा प्रश्न आहे. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू ही पाच सुरुवातीपासून बाहेर ठेवलीत. सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला. राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावे असे टॅक्स फार थोडे उरलेत, त्यातला हा मोठा, तो सहज कोण सोडेल.

भाऊ अमेरिकेत असतो, म्हणतो तिकडे पेट्रोल तीन डॉलर. आपल्यापेक्षा कितीतरी महाग झालं ना?

तीन डॉलरला गॅलन. लिटर नाही. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. समजा ३.२० डॉलर गॅलन आणि ८४ रुपये डॉलर, तर लिटरला ७१ रुपये. तिकडे केंद्राचा टॅक्स गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३ पासून तेवढाच. इंग्लंडचा गॅलन आणखी वेगळा, ४.५४६ लिटरचा, पण तिथले पंप लिटरनेच विकतात आणि तिथे आपल्यापेक्षा महाग आहे, नुसती ड्युटी लिटरला ५२.९५ पेन्स आणि वर वीस टक्के व्हॅट. दुबईत ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला नवा भाव लागतो, मावशीचा मेसेज येतो एक तारखेच्या आसपास.

तेल निघणाऱ्या देशात स्वस्त असतंच असंही नाही. नॉर्वेत निघतं आणि नॉर्वेत महाग. उलट भूतानला आपल्याकडूनच जातं आणि तिथे आपल्यापेक्षा स्वस्त, आसामच्या सीमेवरचे लोक तिकडे जाऊन भरतात.

ऑक्टेनमध्येही (पेट्रोल इंजिनात ठोके न देता किती नीट जळतं तो आकडा) फसायला होतं. अमेरिकेच्या पंपावर ८७ लिहिलेलं दिसतं म्हणून ते आपल्या ९१ पेक्षा हलकं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे, ते जवळपास आपल्या ९१ एवढंच.

इथेनॉलवालं पेट्रोल आल्यावर जुन्या भावाशी तुलना कशी करायची?

चांगला प्रश्न, आणि यात मला थोडा त्रास आहे. २०१४ चं लिटर आणि २०२५ चं लिटर एकच वस्तू नाही. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल एक-दीड टक्का, जून २०२२ ला दहा, २०२५ ला वीस. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणजे वीस टक्के मिसळलं की एका लिटरमधली ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्क्यांनी कमी. गाडी, रस्ता, हात यावर ॲव्हरेज किती पडेल ते वेगळं, पण दिशा तीच. ऊस लावणाऱ्याला आणि कारखान्याला पैसा मिळतो, परदेशी तेल कमी लागतं, हे फायदे खरे आहेत. तरी लिटरचा भाव तोच ठेवून आतलं बदललं तर तुलना "रुपये प्रति लिटर" न करता "रुपये प्रति किलोमीटर" करायला हवी. माझ्या वहीत किलोमीटरचा रकाना पहिल्यापासून आहे म्हणून मला हे जमतं.

जाता जाता हेही, एप्रिल २०२० पासूनचं इंधन बीएस-६ (प्रदूषणाचा कडक निकष), त्यात गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. तो बदल चांगला.

सीएनजी स्वस्त म्हणतात, पण किती?

सीएनजी किलोवर विकतात, पेट्रोल लिटरवर. आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, तुमच्या गाडीचं किलोला किती ॲव्हरेज पडतं तेच बघा. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केलाय, तो दिलासा मोठा होता.

गॅस सिलेंडरची जुनी-नवी तुलना?

इथे लोक सर्रास सबसिडीवालं आणि बिनसबसिडीचं एकमेकांशी ताडून बघतात. २०१४ ला दिल्लीत सबसिडीचा सिलेंडर ४१४ रुपयांना होता, त्याच वेळी बिनसबसिडीचा नऊशेच्या वर. आता बहुतेक घरांना एकच भाव, मुंबईत ऑगस्ट २०२३ च्या आधी ११०२.५०, मग ९०२.५०, मार्च २०२४ ला ८०२.५०, एप्रिल २०२५ ला ८५२.५०. ४१४ शी तुलना करायची असेल तर हातातून किती गेले ते ताडून बघा, आणि बाजारभावाची करायची असेल तर नऊशेशी.

शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं तर जास्त येतं का?

नाही. झिरो बघा, आणि शंका आली तर पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं ते मागा, तो तुमचा हक्क आहे.

मला स्वतःची तुलना ठेवायची आहे, सुरुवात कुठून करू?

महानगरांचे जुने भाव पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या आकडेवारी ठेवणाऱ्या कक्षाकडे मिळतात. आपल्या गावाचे मात्र आपणच ठेवावे लागतात. पंपाची पावती ठेवून भागत नाही, तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, सहा-आठ महिन्यांत कोरा होतो, माझ्या दोन वर्षांच्या पावत्या अशाच गेल्या. त्या दिवशी त्या दिवशी वहीत उतरवा. तारीख, गाव, लिटर, रुपये, किलोमीटर. आणि टाकी दर वेळी फुल करा, नाहीतर ॲव्हरेज निघत नाही.